विश्लेषण : वर यायला वाट नसते तेव्हा... बर्फाखालच्या पाणबुड्यांचे प्रशिक्षण नगरच्या विहिरींना काय सांगते?

हिवरे बाजारात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी मोजली जाते आणि हातात किती पाणी आहे हे पाहून रब्बीला कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही हा गावाचा नियम असल्याने शेतीचा भार उघड्या विहिरींवर आहे. पाण्याचा असा ताळेबंद मांडणारे हे गाव ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात २०२४ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत दीड महिन्याच्या अंतराने दोन दुर्घटना घडल्या. एक नेवासे तालुक्यातील विहिरीत, दुसरी अकोले तालुक्यात प्रवरेच्या पात्रात. दोन्हींत मरण पावलेल्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्याला वाचवायला किंवा शोधायला गेले होते. थंड देशांत गोठलेल्या सरोवराखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांचे प्रशिक्षण नेमक्या याच प्रश्नाभोवती उभे राहिले आहे. बर्फाचा आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्याचा संबंध तो काय, असे वाटेल. पण तो आहे.

बर्फाखाली वेगळा धोका कोणता?

थंडी, असे उत्तर पटकन सुचते. ते अर्धेच खरे आहे. गोड्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून सरोवर वरून गोठते आणि खाली पाणी द्रवरूपात राहते. त्या पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते. त्यावर जाड कोरडे पोशाख, हातमोजे आणि कमी वेळेच्या बुड्या असे उपाय आहेत. खरा धोका डोक्यावरच्या छताचा. मोकळ्या पाण्यात काही बिघडले तर पाणबुडा सरळ वर येऊ शकतो. बर्फाखाली वर आला तर डोके बर्फाला आपटते. बाहेर पडायला एकच जागा असते, ती म्हणजे ज्या भोकातून तो आत गेला ते भोक. अशा जागी पोहण्याच्या कौशल्याला दुय्यम महत्त्व उरते. परतीची वाट हाताशी आहे की नाही, एवढाच प्रश्न राहतो.

त्यामुळे प्रशिक्षणाचा पहिला दिवस पाण्याबाहेरच जातो. बर्फाची जाडी तपासणे, भोक कापणे, कापलेला तुकडा कुठे ठेवायचा हे ठरवणे. भोक बहुधा त्रिकोणी कापतात, कारण त्याच्या कोपऱ्यांत हात टेकून अंग वर ओढणे सोपे जाते. भोकाभोवतीचा भुसभुशीत बर्फ चाकाच्या आऱ्यांसारख्या पट्ट्यांत बाजूला सारतात. त्या पट्ट्यांतून खाली उजेड झिरपतो आणि खालच्या पाणबुड्याला वर पाहिल्यावर वाट कोणत्या दिशेला आहे ते दिसते. वाट चुकलेल्या माणसासाठी आकाशात खूण करून ठेवावी, तसा हा प्रकार.

दोर धरणारा कोण असतो?

बर्फाखालच्या बुडीत सर्वांत कमी चर्चा होते ती काठावर बसलेल्या माणसाची. प्रशिक्षणात मात्र त्याच्यावर सर्वाधिक वेळ खर्च होतो. पाणबुड्याच्या अंगावरच्या पट्ट्याला दोर बांधलेला असतो आणि दोराचे दुसरे टोक बर्फात रोवलेल्या खुंटीला. मधला दोर या माणसाच्या हातात. तो ढिला पडू द्यायचा नाही आणि ओढही द्यायची नाही. ढिल्या दोरातून इशारा पोहोचत नाही, शिवाय तो पाणबुड्याच्या पायात गुंततो.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून दोराच्या झटक्यांची भाषा ठरलेली असते. ती संस्थेनुसार थोडी बदलते. उतरण्यापूर्वी सर्वांनी ती एकमेकांना म्हणून दाखवायची असते. एक झटका म्हणजे ‘ठीक आहे’, लागोपाठ झटके म्हणजे ‘मला बाहेर काढा’, असा साधारण संकेत. काठावरचा माणूस ठरावीक वेळाने विचारतो आणि पाणबुड्याने उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारायचे. तरीही आले नाही, तर वाद न घालता ओढून घ्यायचे.

दोर धरणाऱ्याने दुसरे कोणतेही काम करायचे नसते. फोटो काढायचे नाहीत, गर्दीतल्या कोणाशी बोलायचे नाही, फोन घ्यायचा नाही. किती अंतर जायचे तेही खालचा पाणबुडा ठरवत नाही. वरून जेवढा दोर सोडला जाईल तेवढेच. उतरणाऱ्याचे शौर्य काठावरच्याच्या शिस्तीला बांधलेले असते, तेही शब्दशः.

दोर सुटला तर काय करायचे?

याचे उत्तर आपल्या सहज बुद्धीच्या उलट आहे. दोर सुटलेल्या पाणबुड्याने भोक शोधत फिरायचे नसते. त्याने वर येऊन बर्फाच्या खालच्या बाजूला टेकायचे, उभ्या स्थितीत राहायचे आणि थांबायचे.

काठावर आणखी एक पाणबुडा पूर्ण तयारीत बसलेला असतो. मुखवटा चढवायचा तेवढा बाकी असतो. त्याचा दोर पहिल्याच्या दोरापेक्षा बराच लांब ठेवतात. तो बर्फाला लागून लांबवर जातो आणि दोर ताणून मोठे वर्तुळ घेतो. तो फिरतो तसा त्याचा दोर बर्फाखालून, घड्याळाच्या काट्यासारखा, सरकत जातो. थांबलेल्या पाणबुड्याच्या अंगाला तो कुठेतरी लागतोच. म्हणजे हरवलेला माणूस शोधत नाही. त्याला शोधत दोर येतो. तो मात्र ठरलेल्या जागी असायला हवा. घाबरून धावाधाव करायची नाही, हे इथे शांत डोक्याच्या माणसाची सवय म्हणून सोडून दिलेले नाही. त्याचा सराव करून घेतला जातो.

हवेचा हिशेब कसा मांडतात?

१२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली तर ती सुमारे २,४०० लिटर होते. शांत पाणबुड्याला पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा लागते असे धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून हवाही दुप्पट, मिनिटाला ४० लिटर लागते. म्हणजे कागदावर तासाभराची हवा. पण डोक्यावर छत असलेल्या पाण्यात तिचे तीन भाग करतात : एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, एक अडचणीसाठी. तासाभराच्या हवेत जायला मिळतात ती २० मिनिटे. घाबरलेला माणूस दुप्पट-तिप्पट वेगाने श्वास घेतो. तो तिसरा भाग त्याचा असतो.

थंडीत आणखी एक विघ्न येते. दाबाखालची हवा पसरताना गार होते आणि श्वास घेण्याचे यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, त्यातल्या ओलाव्यामुळे गोठून उघडेच राहते. मग हवा धो धो वाहून जाते. म्हणून सिलिंडरवर दोन स्वतंत्र रेग्युलेटर, प्रत्येकाला वेगळी झडप, आणि वाहू लागलेला बंद करून दुसऱ्यावर जाण्याचा हात बसेपर्यंत सराव. पाण्यात शिरण्यापूर्वी बाहेरच्या गोठलेल्या हवेत त्यातून श्वास घ्यायचा नाही, हाही नियम.

वाकडीच्या विहिरीत काय घडले?

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातील वाकडी गावात जुन्या विहिरीत मांजर पडले. ती विहीर पाण्याची राहिलेली नव्हती. तिच्यात जनावरांचे शेण-मूत्र साठवले जात होते. मांजराला काढायला एक जण उतरला तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. उतरलेल्यांपैकी एकटा वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. बातम्यांमध्ये हा तपशील एका ओळीत येऊन गेला.

शेणाच्या साठ्यात कुजण्याची क्रिया चालू असते. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतात, आणि प्राणवायूला जागा उरत नाही. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला की माणसाची शुद्ध हरपते. त्याहून कमी असेल तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. ‘आता वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज त्यामुळे जीवघेणा ठरतो.

जुनी माणसे विहिरीत आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही. साध्या जुन्या विहिरीत या पद्धतीला काही अर्थ होता, कारण प्राणवायू कमी झाला की ज्योत विझते. पण ज्योत विषारी वायू ओळखत नाही; आणि शेणाच्या खड्ड्यात, जिथे मिथेन आहे, तिथे पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अशा जागी वायूमापक, हवेचा पुरवठा असलेला मुखवटा आणि वरून ओढण्याची सोय, यांपैकी एकही नसेल तर उतरता येत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही.

मग दोराने नेमके काय केले? त्याने विहिरीतली हवा सुधारली नाही. त्याने एवढेच केले की बेशुद्ध माणसाला बाहेर काढण्यासाठी आणखी कोणाला आत जावे लागले नाही. बर्फाखालच्या प्रशिक्षणातला पहिला धडा तोच आहे.

दोर बांधण्यातही चुका होतात. घाईत हाताला लागेल तो बैलाचा कासरा कमरेला सरकफासाने बांधला, तर ओढताना तो पोटात रुततो आणि श्वास कोंडतो. फास न आवळणारी गाठ हवी. त्याहून बरे म्हणजे मांड्या आणि छाती दोन्ही धरणारा पट्टा. ६०-७० किलोचा निपचित माणूस एकट्याला सरळ वर ओढता येत नाही. विहीर खोदणाऱ्यांची यारी, ट्रॅक्टरला बांधलेली कप्पी, नाहीतर निदान तीन-चार माणसे काठावर हवीत. कठडा नसलेल्या विहिरीवर ही माणसेच आत जाण्याची भीती असते, म्हणून त्यांनाही मागे बांधून घ्यावे लागते.

सुगावची दुर्घटना वेगळी कशी?

वाकडीत उतरलेली माणसे घरची, अप्रशिक्षित होती. सुगावात पाण्यात गेलेले पथक प्रशिक्षित होते, म्हणून ती घटना जास्त विचार करायला लावते.

२२ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक धुळ्याहून आले. २३ मेच्या सकाळी शोध सुरू असताना पथकाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली. दलाचे एक उपनिरीक्षक आणि दोन शिपाई मृत्युमुखी पडले. त्यांच्यासोबत बोटीत असलेला एक स्थानिकही बुडाला. याच आठवड्यात, २१ मे रोजी, उजनी जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जण दगावले होते. साऱ्या यंत्रणेवर एकाच वेळी ताण होता.

त्या सकाळी कोणाचे काय चुकले याचा निवाडा इथे करायचा नाही. पण नद्यांवरच्या बंधाऱ्यांजवळचे पाणी कसे वागते ते समजून घेणे गरजेचे आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी आपटते आणि पृष्ठभागावर उलट, म्हणजे बंधाऱ्याच्या दिशेने, फिरते. त्यात सापडलेली वस्तू बाहेर फेकली जात नाही; पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस आणि बोट दोघेही नेहमीपेक्षा कमी तरंगतात. वरून पाहणाऱ्याला गुडघाभर फेस दिसतो.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला धोका आणखी फसवा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या मधल्या गाळ्यांत दारे बसवून पाणी अडवतात. एका बाजूला पाणी तीन मीटर उंच आणि दुसरी बाजू रिकामी, अशी स्थिती धरा. तळाशी फूटभर लांबी-रुंदीची फट राहिली, तर तिच्यावर पाण्याचा दाब सुमारे २७० किलो वजनाइतका होतो. त्या फटीवर पाणबुड्याचा हात, पाय किंवा पाठ बसली तर चार माणसांनाही तो ओढून काढता येत नाही. वर पाणी संथ दिसते. जगभर धरणांवर आणि बंधाऱ्यांवर काम करणारे अनुभवी पाणबुडे या दाबाच्या फरकाने मेले आहेत. इथे दोरही पुरत नाही. आधी दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीला आणणे, आवर्तन थांबवणे, दारे काढणे, एवढाच मार्ग उरतो. म्हणजे पाटबंधारे खात्यातल्या अधिकाऱ्याला केलेला फोन हा बुडीचाच भाग असतो.

नगरच्या विहिरी ‘बर्फाखाली’ कशा?

छत फक्त बर्फाचेच असते असे नाही. विहिरीच्या तोंडाशी आकाश दिसत असले, तरी पाण्यात सोडलेले पाइप, मोटारीची केबल, फूट व्हॉल्व्ह, जुने दोर आणि कधीकाळी पडलेली झाडाची फांदी, हे सारे मिळून जाळे तयार होते. तळाचा गाळ एकदा ढवळला की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. पाणी वाढावे म्हणून काही विहिरींत आडवे बोअर घेतलेले असतात, कपारी असतात. आठ-दहा परस खोल विहिरीत शोध घेणारा माणूस त्या अंधारात खाली कुठे, वर कुठे हे विसरू शकतो. मोटार चालू राहिली असेल तर विजेचा धोका वेगळाच. म्हणून शोध सुरू होण्याआधी वीज तोडणे आणि शक्य असेल तर पाणी उपसणे, हे पाणबुड्यापेक्षा वरचे उपाय आहेत.

बुडालेल्याला काढायला गावोगाव पुढे येतात ते पट्टीचे पोहणारे, मासेमारी करणारे. पोलिसांनाही अनेकदा त्यांच्यावरच विसंबावे लागते. एका दमात तळ गाठणे, गळ टाकून अंदाज घेणे, प्रवाहाने माणूस कुठे नेला असेल ते सांगणे ही त्यांची विद्या पुस्तकात नाही. पण त्यांच्यापैकी किती जणांच्या अंगाला दोर असतो, काठावर किती जण त्यांचा एकेक मिनिट मोजत उभे असतात? देशात २०२२ या एका वर्षात बुडून ३८ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे आणि महाराष्ट्र त्या यादीत वरच्या राज्यांत आहे. त्यांतले किती जण दुसऱ्याला वाचवताना गेले, हे त्या आकड्यात दिसत नाही.

‘उतरायचे नाही’ हे कोणी सांगायचे?

जिवंत माणसाला वाचवणे आणि मृतदेह काढणे, या दोहोंतला फरक बचाव प्रशिक्षणात अगदी पहिल्यांदा शिकवतात. पहिल्यासाठी धोका पत्करता येतो, तोही मोजून. दुसऱ्यासाठी थांबता येते : पाणी उतरेपर्यंत, उजाडेपर्यंत, यंत्रे येईपर्यंत. ऐकायला हे क्रूर वाटते. काठावर आई बसलेली असते, गाव जमलेले असते, ‘काहीतरी करा’ असा आक्रोश असतो, मोबाइल चालू असतात. अशा वेळी थांबण्याचा निर्णय एखाद्या शिपायाच्या किंवा पोहणाऱ्याच्या धैर्यावर सोडणे चूक आहे. तो अधिकार आधीच कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असावा लागतो. बर्फावर असा एक माणूस नेमलेला असतो. तो स्वतः पाण्यात जात नाही आणि त्याने ‘नाही’ म्हटले की त्यावर अपील नसते.

मेघालयात डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथील कोळसा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले, तेव्हा आडव्या अरुंद बोगद्यांत माणूस पाठवण्याऐवजी नौदलाने दूरनियंत्रित यंत्र खाली सोडले. त्याच वर्षी थायलंडमधील थाम लुआंग गुहेतून १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक सुखरूप बाहेर आले. त्याच्या आनंदात ६ जुलै २०१८ चा दिवस अनेकांच्या लक्षात राहिला नाही. गुहेत हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना थाई नौदलाचे माजी जवान समन कुनान यांचा मृत्यू झाला. पाणी उपशाच्या त्या कामी किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञ महाराष्ट्रातून गेले होते. तिथेही पाणबुड्यांइतकेच महत्त्व पंपांना होते.

गुहेतल्या बुड्यांचे आजचे नियम कसे तयार झाले, हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत एकामागून एक पाणबुडे पाण्याने भरलेल्या गुहांत मरत होते. शेक एक्स्ली या पाणबुड्याने प्रत्येक मृत्यूचा तपशील तपासला आणि १९७९ मध्ये त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. तीच ती कारणे पुन्हा पुन्हा दिसत होती : बाहेरपर्यंत सलग दोर नव्हता, परतीसाठी हवा राखली नव्हती, खोली झेपणारी नव्हती. त्यातून नियम आले आणि प्रशिक्षणाचा साचा आला. आपल्याकडे दुर्घटनेनंतर गुन्हा नोंदवला जातो, मदत जाहीर होते, श्रद्धांजली होते. नेमका कोणता क्षण चुकला, हे लिहून पुढच्या पथकाच्या हाती देण्याची रीत रुजलेली नाही.

विशेष म्हणजे नगर-जुन्नर पट्ट्यात विहिरीत पडलेल्या बिबट्याच्या बाबतीत हा संयम सर्रास पाळला जातो. कोणी सहसा खाली उतरत नाही. आधार घ्यायला दोरांनी बाज सोडतात, मग पिंजरा सोडतात, गर्दी मागे हटवतात आणि बिबट्या पिंजऱ्यात येईपर्यंत वाट पाहतात. त्याची भीती असते, म्हणून. विषारी वायूला दात नसतात.

भारतात असे प्रशिक्षण कुठे मिळते?

नौदलाची पाणबुड्यांची प्रशिक्षणशाळा कोचीला आहे. गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्याचा अनुभवही नौदलाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीतील हिमप्रलयानंतर ऋषीगंगेच्या वर सुमारे १४ हजार फुटांवर तयार झालेल्या तलावाची खोली मोजण्यासाठी नौदलाचे पाणबुडे हेलिकॉप्टरमधून उतरवले गेले. बांध फुटला तर खाली किती पाणी येईल, हे त्या मोजणीवर अवलंबून होते. पाण्यात जाण्याचे कारण आधी ठरलेले होते आणि किती वेळ, तेही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे, तर राज्य दलाची पथके धुळे आणि नागपूर येथे. समुद्रातील स्कूबाचे शिक्षण राज्य पर्यटन महामंडळाच्या तारकर्ली येथील संस्थेत मिळते. पण तारकर्लीच्या निळ्या पाण्यात शिकलेले पाणबुडेपण गढूळ विहिरीत जसेच्या तसे चालत नाही. दृष्टी शून्य असताना केवळ हातांनी शोध घेणे, दोराच्या आधाराने तळ विंचरत जाणे, वायरींच्या गुंत्यातून स्वतःला सोडवणे, हा वेगळा अभ्यासक्रम आहे. शिवाय धुळ्याहून किंवा पुण्याहून पथक पोहोचेपर्यंत काही तास जातात. ते तास गावाचेच असतात.

गावाच्या हाती काय आहे?

पाण्याखाली उतरण्याचे प्रशिक्षण प्रत्येक गावाला देता येणार नाही आणि देऊही नये. अर्धवट शिकलेला पाणबुडा अधिक धोक्याचा. काठावरचे प्रशिक्षण मात्र देता येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यात विहिरीचा आणि शेणखड्ड्याचा धडा, दोराच्या गाठी आणि ‘कोणी उतरायचे नाही’ हे ठामपणे सांगण्याचा सराव यांना जागा करता येईल. ज्या ग्रामसभेत विहिरींची पातळी वाचली जाते, तिथेच कोणत्या विहिरीला कठडा नाही, कोणती वापराविना पडली आहे, कोणत्या खड्ड्यात शेण साठवले जाते ही यादी वाचायला वेगळा खर्च येत नाही. हिवरे बाजारसारख्या गावांना तर मोजमापाची सवय आधीच आहे.

शेततळ्यांचे काम त्याहून सोपे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे ती वाढली. पाणी मुरू नये म्हणून त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नसते. पोहता येणारा माणूसही काठापासून हातभर अंतरावर दमून बुडतो, कारण आकाश मोकळे असूनही बाहेर पडायला वाट नसते. चारही बाजूंनी काठावरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला, हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब एवढ्याने ही वाट तयार होते. भोवती जाळीचे कुंपण असेल तर लहान मुले काठापर्यंत पोहोचतच नाहीत.

आणि कोणी पडलेच, तर क्रम असा : आधी ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक, मग विहिरीची वीज तोडणे, मग पडणारा शुद्धीवर असेल तर दोर, ट्यूब किंवा बाज त्याच्यापर्यंत सोडणे. तो हाकेला उत्तर देत नसेल आणि विहीर शेणाची किंवा बरीच वर्षे बंद असेल, तर हवेची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याने आत पाय ठेवायचा नाही. मग काठावर कितीही माणसे ओरडत असोत.